रेवाच्या सॅकमधला नारळ

आला परत. कॅलेंडर बघायची गरजच नाही, जिन्यात पाऊल टाकलं की कळतं. आमच्या बिल्डिंगच्या जिन्याला नोव्हेंबरमध्ये एक वास येतो. ओल्या कोटांचा, रबरी बुटांचा आणि दुसऱ्या मजल्यावरून येणाऱ्या गोंदाचा. गोंदाचा, कारण तिथली दोन पोरं कंदील करायला बसलेली असतात. अकरा तारखेच्या आसपास इथं जर्मनीतल्या सगळ्या बालवाड्यांची, म्हणजे किटांची, मुलं हातात काठी, काठीला कागदी कंदील आणि कंदिलात इवलासा दिवा घेऊन गाणी म्हणत रस्त्यानं फिरतात. मागून आईबाप थंडीनं नाकं पुसत चालतात. काल ऑफिसमधून येताना साडेचारलाच अंधार झालेला, धुकं इतकं की पलीकडचा बसस्टॉप दिसेना, आणि त्या धुक्यातून एकदम वीस-पंचवीस लाल-पिवळे गोळे डुलत डुलत आले. मी सायकल थांबवली. पोरं गेली, गाणं गेलं, रस्ता परत काळा झाला, आणि मी आपली तिथंच उभी. सायकलचं हँडल इतकं गार पडलं होतं की ग्लोव्ह्जमधून लागत होतं.

घरी आले, जॅकेटसुद्धा काढलं नाही, स्टुलावर चढले आणि कपाटावरचं खोकं उतरवलं.

खोक्यात रेवाचा कंदील आहे. चीजच्या गोल डब्या असतात ना पुठ्ठ्याच्या, त्यातली एक खाली, एक वर, मध्ये अर्धपारदर्शक कागद, आणि त्या कागदावर तिनं स्वतःच्या हातानं चिकटवलेली मेपलची पानं. खरी पानं. तेव्हा लालभडक होती. आता चहाच्या रंगाची झालीयेत आणि दोन तर हात लावल्या लावल्या चुरा होऊन माझ्या तळहातावर आली. मी तो चुरा फेकला नाही, खोक्यातच परत ठेवला. वेडेपणा आहे, माहितीये.

रेवा म्हणजे माझ्या ताईची मुलगी. चार वर्षांची होती तेव्हा इथून गेली, ताई-भावजींबरोबर, मेलबर्नला. आता सहाची आहे. गेली दोन वर्षं ती माझ्या व्हिडिओ कॉलवर चार सेकंदांच्या वर थांबलेली नाही. मोजलेत मी. ताई हाक मारते, "रेवा, मावशी आलीये बघ", मग स्क्रीनच्या कोपऱ्यातून अर्धा चेहरा येतो, एक हात हलतो आणि गायब. ताई म्हणते, "अगं वय आहे तसं, सगळ्यांशीच अशी वागते." सगळ्यांशी नाही वागत. आई-बाबांशी सांगलीला अर्धा अर्धा तास बडबडते, आईनंच सांगितलं मला, कौतुकानं. म्हणजे फक्त माझ्याशीच. जी पोरगी माझ्या मांडीवर बसून माझ्याच ताटातला वरणभात खायची ती मला विसरत चाललीये, आणि मी इथं बसून पानांचा चुरा जपतेय.

मी जर्मनीत आले तीच मुळात ताईमुळे. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ताई-भावजी वोल्फ्सबुर्गला आधीपासून होते. भावजी, म्हणजे ताईचा सुमेध, गाड्यांच्या सस्पेन्शनमध्ये आणि ताई टेस्टिंगमध्ये. माझं मेकॅनिकल झालं, इथलं मास्टर्सचं अॅडमिशन आलं, दुसरीकडे पुण्यातली बरी नोकरीसुद्धा हातात होती. मी घोळ घालत बसले होते तर ताई फोनवर म्हणाली, "ये गं. मी आहे ना." संपलं. एवढ्या तीन शब्दांवर मी आले. मास्टर्स झालं, इथल्याच एका छोट्या कंपनीत नोकरी लागली, ताईच्या घरापासून सायकलनं दहा मिनिटांवर खोली घेतली. शनिवार-रविवार मी ताईकडेच. भावजी म्हणायचे, "मेहुणीबाई, खोलीचं भाडं कशाला भरताय, शोभेला?"

आणि नोकरी लागून आठ महिने होतात न होतात तोच एका रविवारी, पोहे खाताना, भावजींनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचं पत्र. ग्रँट.

"म्हणजे?" मी.

"म्हणजे जातोय आम्ही," भावजी म्हणाले. त्यांना आनंद लपवता येत नव्हता आणि माझ्यासमोर दाखवताही येत नव्हता. बिचारे नुसतेच लिंबू पिळत बसले पोह्यांवर.

"कधी ठरलं?"

ताई माझ्याच प्लेटमध्ये आणखी पोहे वाढायला लागली. तिच्या त्या वाढण्यावरून मला कळलं की हे तीन-साडेतीन वर्षांपासून चालू होतं. म्हणजे "मी आहे ना" म्हणाली तेव्हासुद्धा चालू असणार. तिचंही चुकलं नाही म्हणा. तिला इथला हिवाळा सोसत नव्हता. ऑक्टोबर संपला की ती विझायची अक्षरशः. डॉक्टरनं व्हिटॅमिन डी दिलं, दिवा दिला तोंडासमोर ठेवायचा, पांढराशुभ्र, दहा हजार सूर्यांचा वगैरे, त्याच्यासमोर बसून ती सकाळी चहा प्यायची आणि तिच्या गालावरून पाणी वाहायचं. आवाज न करता. मी ते पाहिलंय. एकदा म्हणाली, "केतू, मला नुसतं दोरीवर कपडे वाळत घालायचेत गं. उन्हात. एवढंच." हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. माझ्या बेडरूममध्ये स्टँडवर तीन दिवसांपूर्वीचे मोजे अजून ओले आहेत.

पण तेव्हा, त्या रविवारी, मी फक्त एवढंच म्हणाले, "छान! अभिनंदन!" आणि प्लेट सिंकमध्ये ठेवायला उठले ते बराच वेळ नळच चालू ठेवला.

मग तो नोव्हेंबर. सामानाचा नोव्हेंबर. इथं घर सोडायचं म्हणजे एक यज्ञ असतो. भिंती पांढऱ्या करून द्यायच्या, भोकं बुजवायची, किचनसुद्धा आपलं असतं, ओट्यासकट, ते उचलून न्यायचं नाहीतर पुढच्या भाडेकरूच्या गळ्यात मारायचं. पुढची भाडेकरू मीच झाले. म्हणजे ताईचं घर, ताईचं किचन, ताईनं लावलेले हुक, सगळं तसंच माझ्याकडे आलं. मसाल्याचा डबा आला. पोळपाट आला. आणि ते सगळं माझ्याकडे का आलं, तर ऑस्ट्रेलियाची यादी.

बापरे, ती यादी! भावजींनी प्रिंट काढून फ्रिजवर लावली होती. त्या देशात काय काय न्यायचं नाही, किंवा न्यायचं तर सांगून न्यायचं. धान्य, बिया, कच्चं लाकूड, वाळलेली पानं, माती. माती म्हणजे बुटाला लागलेलीसुद्धा! भावजी बाथटबच्या काठावर बसून जुन्या टूथब्रशनं ट्रेकिंगच्या बुटांचे तळवे घासत होते, हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दोन तास. मी म्हटलं, "अहो भावजी, एवढे दात घासले असते तर डेंटिस्ट लागला नसता." ते मान वर न करता म्हणाले, "केतकी, पहिलं इम्प्रेशन असतं. एकदा नाव लिहून घेतलं त्यांनी की झालं." भावजी तसेच आहेत. फॉर्म दोनदा वाचणारे. हिरवा सिग्नल लागला तरी दोन्हीकडे बघणारे.

आणि घरभर ते आवाज. टेपचा चर्र आवाज. ऐकलाय ना? खोकी बंद करायच्या टेपचा? रेवाला तो आवडायचा, ती प्रत्येक वेळी खिदळायची. बाहेर दिवस म्हणजे नुसता दुपारचा एक राखाडी तुकडा, तेवढ्यात आम्ही कचरा टाकून यायचो. दिवाळी नुकतीच झालेली होती, बाल्कनीत आकाशकंदील लटकत होता, तो ताईनं उतरवला तर रेवानं इतका गोंधळ घातला! तिच्या डोक्यात दिवाळीचा कंदील आणि किटाचा कंदील एकच सण होता. एक सुरू झाला की दुसऱ्यापर्यंत दिवे. तिच्याशी आम्ही मराठी बोलायचो, ती सगळं समजायची आणि ठणठणीत जर्मनमध्ये उत्तर द्यायची. "रेवा, चप्पल घाल." "नाइन!" म्हणजे नाही. "रेवा, गोड कोण?" "इश!" म्हणजे मी.

अकरा तारखेला मीच तिला घेऊन गेले कंदिलाच्या मिरवणुकीला, ताई-भावजी बँकेची कामं उरकत होते. पाऊस भुरभुरत होता. अर्ध्या वाटेत तिचे पाय दुखले मग ती माझ्या कडेवर, कंदील माझ्या डोक्यावर, काठी माझ्या कानात. आणि ती गातेय! त्या गाण्यात दिवा विझला की आम्ही घरी जातो असं काहीतरी आहे, ते ती माझ्या कानात इतकं मनापासून किंचाळत होती. तिच्या तोंडाला व्हॅनिला बिस्किटाचा वास येत होता. तिचं ओलं लोकरीचं टोपरं माझ्या गालाला घासत होतं. तेवढा अर्धा तास मला कुणी कुठं जाणार आहे याचा विसर पडला.

दुसऱ्या दिवशी भावजींनी कंदील पाहिला. पानं पाहिली. फ्रिजवरची यादी पाहिली. रेवाला समजावलं, शांतपणे, गुडघ्यावर बसून. ती रडली नाही, नुसती कंदील पाठीमागे लपवून भिंतीला चिकटून उभी राहिली. शेवटी मी म्हटलं, "माझ्याकडे ठेव. मी सांभाळते. तू आलीस की देते." तिनं मला कंदील दिला. विश्वासानं दिला. मी अजून सांभाळतेय.

आता ती गोष्ट. खरं तर मी ही कुणालाच सांगितलेली नाही. टाईप करतानासुद्धा दोनदा पुसली.

निघायच्या दोन दिवस आधी आईचा फोन आला. "केतू, ताईची ओटी भर हो. एवढी लांब चाललीये लेक, रिकामी जायला नको. मी तिथं असते तर मीच भरली असती."

"अगं आई, माझं लग्न नाही झालेलं, मी कशी भरू?"

"चालतं. परदेशात कोण बघतंय? मनापासून भर. आणि नारळ शेंडीचा बघ."

शेंडीचा नारळ! वोल्फ्सबुर्गमध्ये! इथल्या सुपरमार्केटमधले नारळ टकले असतात, वर प्लास्टिक, आणि सोपं जावं म्हणून कंबरेभोवती करवतीनं कापलेली रेघ. मी ऑफिसमधून अर्धी सुट्टी घेऊन हानोफरला गेले. तिथल्या एशियन दुकानात पण टकलेच, फक्त रेघ नव्हती. एक घेतला. मग झाडांच्या दुकानात कुंड्यांमध्ये घालायचा काथ्या मिळतो, तो घेतला आणि घरी येऊन फेव्हिकॉलनं चिकटवला. हसू नका. ताईच्या ओटीत टकला नारळ घालणं मला जमलं नसतं. रेवा शेजारी बसून बघत होती. तिनं नारळ फिरवला, शेंडीखालचे तीन डोळे पाहिले आणि जर्मनमध्ये म्हणाली की ह्याला तोंड आहे, हा 'ओ' म्हणतोय. मग तिनं त्याला मार्करनं भुवया काढल्या. झालं, तो तिचा माणूसच झाला. रात्री उशीजवळ घेऊन झोपली त्याला.

निघायच्या दिवशी सकाळी सगळं घर रिकामं. पांढऱ्या भिंती. बोललं की घुमायचं. ताई जीन्स आणि जाड जॅकेटमध्ये, पदर कुठून आणणार, मग माझी ओढणी तिच्या खांद्यावर घातली. पुठ्ठ्याच्या खोक्यावर तिला बसवलं, कुंकू लावलं, खण ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले, हळकुंड, सुपारी आणि भुवया काढलेला, काथ्याची शेंडीवाला नारळ. भावजींनी आईसाठी फोटो काढला. "मेहुणीबाई, शेंडी पक्की लावलीत हं!" असंही म्हणाले. आम्ही तिघंही हसलो. आणि मग ताईनं, अगदी सहज, ओढणीची गाठ सोडली, तांदूळ डब्यात ओतले, नारळ उचलून माझ्या हातात दिला.

"हा तू ठेव गं. चटणी कर. आईला सांगू नकोस."

यात काय चुकलं तिचं? काहीच नाही. तिकडे नारळ चालत नाही. यादीत आहे. मलाही माहीत होतं. पण ओटीत घातलेलं परत हातात आल्यावर जे काय झालं ना मला! मसाल्याचा डबा मला, पोळपाट मला, किचन मला, कंदील मला, आता ओटीसुद्धा मलाच. म्हणजे मी दिलेली एक वस्तू तुझ्याबरोबर जाणार नाही. एकसुद्धा. तू अगदी घासूनपुसून निघालीस, बुटाच्या तळव्यांसकट.

हे मी बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडलो असतो, रडलो असतो. मी काय केलं, तर रेवाला बाथरूममध्ये नेलं शू करायला, तिच्या पाठीवरची ससुल्याची सॅक उघडली, नारळ आत घातला, वर तिचा स्वेटर घातला आणि तिच्या कानात सांगितलं, "हा तुझ्याबरोबर येतोय. आई-बाबांना सांगायचं नाही हं. आपलं गेहाइमनिस." तिला नक्की कळावं म्हणून गुपित हा शब्द मी मुद्दाम जर्मनमध्ये म्हटला. किटात त्यांचं चालूच असतं ना, गेहाइमनिस, गेहाइमनिस. तिचे डोळे असे चमकले! तिनं ओठावर बोट ठेवलं.

मला वाटत होतं, नव्या घरी सॅक उघडतील, नारळ निघेल, ताई थोडी हसेल, थोडी रडेल, मला फोन करेल. एवढंच मला हवं होतं. तिनं रडायला हवं होतं.

स्टेशनवर धुकं होतं. कालव्यापलीकडे कारखान्याची चार धुराडी, त्यांची डोकी धुक्यात गेलेली. गाडी आली, दार बंद झालं, काचेआड रेवानं परत ओठावर बोट ठेवून दाखवलं. मी पण ठेवलं. ताईला वाटलं आम्ही फ्लाइंग किस देतोय.

तीन दिवसांनी ताईचा फोन आला. आवाज बसलेला. विमानतळावर सामान हुंगणारा एक छोटा कुत्रा आला म्हणे, गोडसा, रेवाला आवडला, आणि तो तिच्या सॅकशेजारी शांतपणे बसला. बसला की संपलं. फॉर्मवर भावजींनी सगळीकडे 'नाही' लिहिलं होतं. दोनदा वाचून. सॅकमधून नारळ निघाला. तिथली बाई चांगली होती, हळू बोलत होती, पण नियम म्हणजे नियम, नाव लिहून घेतलं, दंड केला आणि नारळ पिवळ्या डब्यात टाकला. रेवासमोर. भुवयांसकट.

"सुमेध इतका ओरडला गं तिच्यावर," ताई म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा. सगळ्या लाईनसमोर. तिला विचारलं, कुणी ठेवला? तर म्हणाली, मीच. का ठेवलास? तर गप्प. एक शब्द नाही. रडली पण नाही. हॉटेलवर आल्यावर ओकली."

मी काय म्हणाले माहितीये?

मी म्हणाले, "जाऊ दे गं ताई. लहान आहे ती."

हे वाक्य माझ्या पोटात दोन वर्षं पडून आहे. लहान आहे ती. पुढं कधीतरी सांगू, असं वाटलं. आज ताई दमलीये, आज भावजींचा इंटरव्ह्यू आहे, आज रेवाचा वाढदिवस आहे. मग भावजींना त्यांच्या कामाची नोकरी मिळेना, सहा-सात महिने कुठल्याशा गोदामात उभं राहून खोकी उचलत होते, आणि सांगलीहून आई एकदा फोनवर म्हणाली, "ओटीचा नारळच टाकला गेला ना..." आणि पुढचं गिळलं. मग तर सांगायची सोयच राहिली नाही.

आता त्यांचं बरं चाललंय. खरंच बरं. भाड्याचं घर मिळवायला रांगा लावल्या, वीस-वीस लोकांबरोबर एकाच वेळी घर बघायचं, प्रत्येकानं बूट काढून. भावजींना शेवटी रेल्वेच्या डब्यांचं काम मिळालं. रेवाच्या शाळेत टोपी नसेल तर मैदानात खेळू देत नाहीत, सावलीत बसावं लागतं, इतकं ऊन. तिथं एक काळापांढरा पक्षी वसंतात डोक्यावर झडप घालतो म्हणून भावजी हेल्मेटला वायरी लावून सायकल चालवतात. दिवाळीला एवढी मराठी माणसं जमतात की पार्किंग मिळत नाही, असं ताई तक्रारीच्या सुरात सांगते आणि तिचा चेहरा उजळलेला असतो. ताई अजून बोलता बोलता जर्मनमधलं "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणते, तिथं कुणाला कळत नाही. रेवाचं जर्मन सहा महिन्यांत पुसलं गेलं. पाटी पुसावी तसं. आता मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर. ताई म्हणते, "तू पण ये ना इकडे. तुझे भावजी फॉर्म भरून देतील." मी म्हणते, बघू. कुठल्या तोंडानं जाऊ?

तर हे सगळं डोक्यात घेऊन आज सकाळी साडेसहाला मी ताईला कॉल केला. इथं किर्र काळोख, खिडकीच्या काचेवर आतून पाणी. तिथं दुपारचे साडेचार, रेवा शाळेतून आलेली. म्हटलं, कंदील दाखवू. तिचा कंदील पाहून तरी चारचे आठ सेकंद होतील. मी बाकीचे दिवे बंद केले, कंदिलातला बल्ब लावला. अजून चालतो! भिंतीवर पानांच्या सावल्या पडल्या, ताईच्याच भिंतीवर, मोठ्या मोठ्या, शिरांसकट.

ताईनं टॅबलेटवर कॉल घेतला. मागं एवढं ऊन की तिचा चेहरा काळा दिसत होता. "अगं, किती अंधार! लाईट गेलेत का?" मग तिला कंदील दिसला. "अजून आहे?" एवढंच म्हणाली. नंतर म्हणाली, "थांब हं, वारा सुटलाय, दोरीवरचे कपडे काढून आणते. रेवा, मावशीशी बोल!"

टॅबलेट टेबलावर ठेवला गेला. छत दिसलं, पंखा दिसला. मग रेवा आली. पुढचे दोन दात पडलेत तिचे. शाळेची निळी टोपी अजून डोक्यावर होती.

"रेवा, हे बघ काय आहे. तुझं आहे हे. आठवतं?"

तिनं पाहिलं. मन लावून पाहिलं. मग मान हलवली. नाही.

"तू केलंस हे. किटामध्ये. पानं तू चिकटवलीस."

"आय डोन्ट रिमेम्बर," ती म्हणाली. सौम्यपणे, म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून. मी म्हटलं, "असू दे, असू दे." गाणं गुणगुणले थोडं. तेही नाही आठवलं तिला. मी मनातल्या मनात सेकंद मोजणं थांबवलं. झालं, म्हटलं. पुसलं गेलं.

पण ती जाईना. ती मागं वळून दाराकडे बघत होती. आई येतेय का बघत होती. मग टॅबलेटच्या इतकी जवळ आली की स्क्रीनवर नुसतं तोंड आणि दातांमधली खिडकी.

"मावशी," ती कुजबुजली, "आय नेव्हर टोल्ड."

मला आधी कळलंच नाही.

"द कोकोनट," ती म्हणाली. "विथ द आयब्रोज. आय नेव्हर टोल्ड ममा. नॉट इव्हन आजी." आणि तिनं ओठावर बोट ठेवलं.

म्हणजे दोन वर्षं. दोन वर्षं ही पोरगी माझ्या कॉलवरून पळत होती, कारण मी दिसले की तिला ते आठवायचं आणि तोंडातून निघून जाईल अशी भीती वाटायची. ती जर्मन विसरली, गाणं विसरली, कंदील विसरली, हे घर विसरली. मी सांगितलेलं तेवढं मात्र तिनं धरून ठेवलं होतं. घट्ट. बाबांचा ओरडा खाऊन, लाईनसमोर, ओकून.

"मावशी?" तिचा आवाज अगदी बारीक झाला. "कॅन आय टेल नाऊ?"

दार वाजलं. ताई आत आली, दोन्ही हातांत कपड्यांचा ढीग, हनुवटीनं दाबून धरलेला, कडक वाळलेले, उन्हाचे. "काय गं, काय खलबतं चाललीयेत दोघींची?"

रेवा माझ्याकडे बघत होती. माझ्या खोलीत तो कंदील आणि त्याच्यामागं काळी खिडकी.

"रेवा, तू नको सांगू," मी म्हटलं. "मी सांगते. ताई, ते कपडे ठेव खाली. बस जरा. भावजी आले की त्यांनाही सांगायचंय. त्या नारळाचं."

ताई बसली. कपडे मांडीवरच होते. मी बोलायला सुरुवात केली आणि रेवा तिथंच उभी राहिली, पळाली नाही.